उष्टा शब्द

जरीपटक्याच्या रस्त्याला संत्र्यांच्या हातगाड्या लागल्या की मला टिकल्या आठवतात. कपाळावरच्या नव्हे, कपड्यावरच्या. एका हिवाळ्यात रोज दुपारी संत्री सोलून बोटं पिवळी व्हायची आणि त्याच बोटांनी मला रेशमी कापड धरावं लागायचं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गुडघे गेले, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. पण संत्र्याचा वास आला की हात अजून आपोआप पदराला पुसला जातो, कापडावर डाग नको म्हणून.

त्या हिवाळ्यात मी सर्कशीत होते. असं म्हटलं की माणसं माझ्याकडे वरून खाली बघतात. झुल्यावर नव्हते हो, शिवणाच्या तंबूत होते. कस्तुरचंद पार्कात सर्कस उतरली होती आणि त्यांच्या शिवणकाम बघणाऱ्या सुमनबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टिकल्या घ्यायला त्या जरीपटक्याच्या लेसवाल्याकडे आल्या. मी तिथेच उभी होते. मी इंदोऱ्याची, बाजार घरापासून पायी दहा मिनिटांवर. वय पंचवीस, लग्न ठरता ठरता दोनदा मोडलेलं, आणि हातात आत्यानं शिकवलेली शिवण. लेसवाल्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. सुमनबाईंनी माझ्या ब्लाउजची कड उलटून तुरपाई डोळ्यांशी नेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "उद्या येतीस का गं?"

गेले. सकाळी सायकलवर कामठी रोडनं जायचं आणि संध्याकाळी चारचा खेळ मध्यावर आला की परत निघायचं. जेमतेम सात आठवडे. तेवढ्यात मी एक भाषा शिकले आणि तेवढ्यातच ती माझ्या हातून गेली. त्यात एका बाईचा हात मोडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच वाट बघायला नको.

ती भाषा म्हणजे काही वेगळं व्याकरण नव्हतं. तंबूत मल्याळी होते, बंगाली होते, सुमनबाई तासगावकडच्या, घोडेवाले कुठले ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. हिंदीच बोलायचे सगळे. पण त्या हिंदीत मधेमधे असे शब्द यायचे की माझी सुई थांबायची. "आज गवत विरळ आहे," कुणीतरी पडद्यातून डोकावून सांगायचं. गवत म्हणजे प्रेक्षक. सिंहाला आजोबा म्हणायचे, कारण तो दिवसभर झोपायचा आणि उठला की खोकायचा. जाळीला खाट. झुल्यावर उलटा लटकून जो दुसऱ्याला झेलतो त्याला टेसन, कारण उडणारी गाडी तिथे येऊन लागते. आणि आपण, म्हणजे एका गावात जन्म काढणारी तुम्ही-आम्ही सगळी माणसं, आपण खुंट. एखादी पोरगी लग्न करून कुठल्या गावात राहिली की म्हणायचे, तिला मूळ फुटलं. हे ते आनंदानं म्हणायचे की दुःखानं, मला अखेरपर्यंत समजलं नाही.

मी मापाच्या वहीत, शेवटून उलटं, हे शब्द लिहायला लागले. पुढून छाती-कंबर-उंची, मागून गवत-खाट-टेसन. काहून लिहिले? कुणी सांगितलं नव्हतं. जमवायची सवय. उरलेली लेससुद्धा मी टाकत नाही.

सुमनबाईंनी एकदा वही पाहिली. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून मलाच वाचायला लावली. ऐकून हसल्या. मग म्हणाल्या, "लिव्ह बापडी. पर एक ध्यानात ठेव. भाईर गेल्याला शब्द उष्टा होतो. त्यो आमी परत तोंडात घेत न्हाई." पूर्वी म्हणे पोलिसाला ते मावसा म्हणत. कुठल्याशा गावात एका पोलिसालाच ते कळलं, तो गेटवर येऊन म्हणाला, मावसा आलाय, चहा पाजा. चहा पाजला, आणि त्या दिवसापासून मावसा बंद. नवा शब्द काय ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

उष्टं या शब्दाशी आमच्या घराचं जुनं भांडण. दीक्षा घेतली त्या वर्षी मी सहा वर्षांची होते. बाबा गिरणीत होते, तापट होते. त्यांनी घरातले काही शब्द एका दिवसात बंद केले. जोहार बंद. गाव ज्या नावानं आम्हाला हाक मारायचं ते नाव घरात कुणी उच्चारायचं नाही, थट्टेतही नाही. आजी चुकायची, मग जीभ चावायची. त्यामुळे अख्खी जमात ठरवून एक शब्द टाकून देते, यात मला नवल वाटलं नाही. शब्द टाकता येतो, फक्त सगळ्यांनी एकदम टाकावा लागतो.

या सगळ्या शब्दांत एक शब्द वेगळा होता. ते बाईचं नाव होतं. शेवंता.

शेवंता नावाचं त्या सर्कशीत कुणी नव्हतं आणि कुणी असूही शकत नव्हतं. त्या नावाची पोरगी भरती झाली तर आधी तिचं नाव बदलायचे. कारण शेवंता अशी मोठ्यानं हाक आली की समजायचं, काहीतरी बिघडलं आहे. दोर तुटला, जनावर सुटलं, ठिणगी पडली, काहीही. प्रेक्षकांना वाटायचं कुणी कुणाला बोलावतंय. हाक ऐकली की बँड हातातलं गाणं टाकून जोराची परेड वाजवायचा, जोकर धावत रिंगणात यायचे, सगळे दिवे लागायचे. आणि ज्याचं जे काम नेमलेलं ते त्यानं करायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही, खरं का खोटं म्हणायचं नाही. झुल्यावर असेल त्यानं दांडी सोडायची नाही. टेसनानं हात आत घ्यायचे आणि वर उठून बसायचं.

मला हा शब्द सांगायचं कारण साधं होतं. "तू कनातीच्या आत बसतीस," सुमनबाई म्हणाल्या. "तुला ठाऊक पाहिजे, न्हाईतर वाटंत येशील. हाक आली की कापडाला पाठ लावून हुबी ऱ्हा. वाट मोकळी." म्हणजे त्यांनी शब्द दिला तो माझं कौतुक म्हणून नव्हे, मी कुणाच्या पायात येऊ नये म्हणून.

संक्रांतीच्या आसपास मी तो एकदा ऐकलाही. घोड्यावर उभी राहणारी पोरगी घसरली आणि तिचा पाय रिकिबीत अडकला. हाक आली. मी कापडाला पाठ लावली. माझ्यासमोरून जोकर गेले, एकाचं नकली नाक हातातच होतं. दोन मिनिटांत पोरगी बाहेर, घोडा बाहेर, आणि पलीकडे लोक पोट धरून हसत होते. इतक्या माणसांसमोर एवढं घडलं आणि एकालाही कळलं नाही. मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू, मला फार मिरवावंसं वाटलं.

कमलबद्दल आता सांगायला हवं. ती झुल्यावरची, उडणारी. माझ्याच वयाची. आठव्या वर्षापासून सर्कशीत, त्यामुळे खुंटांचं जग तिला फक्त रेल्वेच्या खिडकीतून माहीत. दुपारी माझ्या मशीनजवळ येऊन बसायची, माझी संत्री खायची आणि बिया माझ्याच पाटीत टाकायची. "तुझ्या गावात संत्री गोड आहेत, माणसं कशी आहेत गं?" असं विचारायची आणि मी उत्तर द्यायच्या आत हसायची. ती हवेत दोन कोलांट्या घेऊन टेसनाच्या हाताला लागायची. टेसन म्हणजे राघवन, केरळचा, पोळीला नावं ठेवणारा, कमी बोलणारा. पुढच्या मुक्कामी, जबलपूरला, कमलचं नाव पोस्टरवर सगळ्यांत वर येणार होतं. मालकानं कबूल केलं होतं. त्या पोस्टरच्या फोटोसाठी मी तिचा निळा पोशाख भरत होते. छातीवर टिकल्यांचा मोर. मोराचं एक एक पीस झालं की ती बोट फिरवून बघायची. तिला त्या पोस्टरशिवाय दुसरं काही नको होतं, नवरा नको होता, घर नको होतं. हे ती उघड बोलून दाखवायची.

आमच्या घरी त्या दिवसांत संध्याकाळी शेगडीभोवती मीच बोलायचे. एरवी माझं कोण ऐकत होतं? मोडलेल्या लग्नाच्या पोरीला घरात आवाज नसतो. पण सर्कशीतून आलेल्या पोरीला असतो. आई ऐकायची, शेजारच्या बाया ऐकायच्या, आणि माझा धाकटा भाऊ विलास. विलास कोराडीला वीज केंद्रात फिटर, एकवीस वर्षांचा. कामावरून यायचा तो केसांत राख घेऊन. त्याला ती भाषा भलतीच आवडली. आईला म्हणायचा, "आज भाजीले गवत कमी आलं का वं?" तिथे गवत कुठे लागतं, कुठे नाही, याचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. मी हसायचे.

आणि एका संध्याकाळी मी शेवंता सांगितलं. घोडेवाल्या पोरीची गोष्ट रंगवून सांगितली. बँड कसा बदलतो, जोकर कसे धावतात, नाक हातात कसं होतं. सगळे हसले. झुल्यावरच्यांनी काय करायचं असतं, ते मात्र सांगितलं नाही. लपवलं नाही, फक्त त्यात हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून राहून गेलं. मजेची अर्धी बाजू दिली आणि दुसरी माझ्याकडेच ठेवली.

"ताई, मले चार पास आण नं वं," विलास म्हणाला. "दोस्त मागून राहिले."

आणले. रविवारचा चारचा खेळ. गवत दाट होतं. मी पडद्यामागे होते, कुणाच्या तरी हुकाला टाका घालत होते. बाहेर झुल्याचं गाणं चालू होतं, ते संथ असतं, त्यावरून कमल वर आहे हे मला न बघता समजायचं. तेवढ्यात हाक आली.

"शेवंता! ओ शेवंता!"

विलासचा आवाज. तो पाळण्यात होता तेव्हापासून मी तो ओळखते. मला क्षणात कळलं की हे खोटं आहे. आणि तरी माझी पाठ कापडाला लागली. माझ्या हातात सुई तशीच. ओरडून सांगायला तोंड उघडलं, पण सांगणार काय? खोटं आहे, हे सांगायला त्यांच्या भाषेत शब्दच नव्हता. कुणाला कधी लागलाच नव्हता. बँडनं परेड धरली. जोकर माझ्यासमोरून गेले. दिवे लागले. सगळ्यांनी आपापलं काम बिनचूक केलं.

कमलनं हाक येण्याच्या आधीच दांडी सोडलेली होती. राघवननं हात आत घेतले.

मी ते पाहिलेलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते ते ऐकलं. खाटेच्या काठावर ती आदळली, तिथून कडेच्या दोरावर. उजवा हात दोन ठिकाणी. तिला उचलून माझ्यासमोरून नेलं तेव्हा ती शुद्धीत होती. ओठ पांढरे झाले होते. ती एकच वाक्य बोलली, तेही हिंदीत, उचलणाऱ्यांना. राघवनला सांगा, त्यानं बरोबर केलं.

विलासला मी गेटबाहेर गाठलं. त्याचे दोस्त पांगले होते. तो सायकलीला धरून उभा होता.

"काहून ओरडला तू?"

"मले वाटलं जोकर येतीन," तो म्हणाला. "फक्त जोकर येतीन असं वाटलं वं ताई मले." आणि तिथेच रस्त्यावर रडायला लागला. मी त्याला मारलं नाही. मारायला हवं होतं ते मला.

दुसऱ्या दिवशी गेले. जाऊ नये असं वाटत होतं, आईही नको म्हणाली, पण निळा पोशाख माझ्याकडे होता. वाटेत सगळी तयारी केली, कोण काय बोलेल, मी काय ऐकून घेईन. सुमनबाईंसमोर जाऊन सरळ सांगितलं, "ओरडला तो माझा भाऊ. शब्द मी नेला."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बसा. चहा घ्या."

बसा. इतके आठवडे मी त्यांची गं होते. त्या दिवशी अहो झाले. कुणी मला शिवी दिली नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. काम दिलं, चहा दिला, पोळी वाढली. पडद्यातून डोकावणारा माणूस माझ्याकडे पाहून म्हणाला, "आज प्रेक्षक चांगले आहेत." प्रेक्षक! सिंहाला सिंह म्हणायला लागले, जाळीला जाळी. माझ्यासमोर सगळे स्वच्छ, शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायला लागले. मी उठून बाहेर गेले की मागे पुन्हा कुजबुज सुरू व्हायची, आणि मी आत आले की पुन्हा प्रेक्षक. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन रडून मोकळी झाले असते.

निळा पोशाख दुसऱ्या पोरीला गेला. सोळा वर्षांची, हाडाची बारीक. मला तो दोन्ही बाजूंनी आवळावा लागला. मोराची दोन पिसं शिवणीत गेली. त्याच आठवड्यात कमलच्या ब्लाउजची उजवी बाही उसवून, प्लास्टर जाईल अशी रुंद करून, हुक लावून दिली. मी तिच्या तंबूत जाऊन दिली. ती उताणी पडली होती.

"कमल, माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"हुक पुढून लावलेत ते बरं केलंत," ती म्हणाली. "डाव्या हातानं लावता येतील." एवढंच. मी आणलेली संत्री तिनं उशाशी ठेवली. सोलायला तिला दोन हात हवे होते आणि सोलून देऊ का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला लाज वाटली. अजून वाटते.

फेब्रुवारीत सर्कस उठली. पार्कात खुंट्यांची भोकं राहिली.

पुढे माझंही लग्न झालं, मलाही मूळ फुटलं, म्हणजे मुळातच मी खुंट, मला वेगळं काय फुटणार. विलास कोराडीतच वर चढला. एकदा जेवताना म्हणाला, "आमच्या इथं सायरन वाजला का कोणी विचारत नाही, खरा का खोटा. ज्यानं त्यानं आपली जागा धरायची." मग भात तसाच ठेवून उठला. तो परत कधी सर्कशीला गेला नाही.

मी गेले. दहा-बारा वर्षांनी तीच सर्कस पुन्हा पार्कात आली तेव्हा पोरांना घेऊन गेले. गेटवर तिकिटं फाडायला एक बाई उभी होती. डाव्या हातानं फाडत होती. उजवा हात कोपरात जरा वाकडा.

"कशा आहात ताई?" कमल म्हणाली. ओळखलं होतं. मी चांगली आहे म्हटलं. तुम्ही? त्याही चांगल्या होत्या. सुमनबाई वारल्या होत्या. राघवन गावी गेला होता. मागे रांग होती म्हणून मी पोरांना घेऊन आत गेले.

खेळाच्या मध्यावर, कुत्र्यांचं काम चालू असताना, बँड एकदम बदलला. परेड. जोकर धावत आले, दिवे लागले. आजूबाजूचे हसले, माझी पोरं हसली. मी एकटी ताठ बसले. काहीतरी झालं होतं. काय ते मला दिसलं नाही. आणि मी आठवत राहिले, आत्ताच्या दोन मिनिटांत कोण काय ओरडलं? कुणी पाणी म्हणालं होतं, कुणी कुत्र्याला नावानं हाक मारली होती, कुणी उगाच हसलं होतं. यातला शब्द कोणता, मला ओळखता आला नाही.

सुटताना कमल गेटवरच होती. माझ्याकडे बघत होती.

"काही कळलं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"टाका दिसला नाही ना? मग शिवण चांगली आहे." आणि हसली. मग माझ्या धाकट्याच्या हातातलं अर्धं संत्र घेतलं, एक फोड तोंडात टाकली आणि बी माझ्या हातावर ठेवली.

मापाची ती वही माझ्याकडे अजून आहे. यंदा गाड्या लागल्या तशी काढली. मागच्या पानांवर एक शब्द खोडलेला आहे, इतका की कागद फाटला आहे. आता तुम्ही म्हणाल, बाई, शहाणपण शिकलात आणि इथे सगळ्यांना तो पुन्हा सांगून बसलात. तर तसं नाही. शेवंता हे माझ्या आत्याचं नाव, जिनं मला शिवण शिकवली तिचं. तो शब्द दुसराच होता.